शेवटची पाळी

सात वाजता सुटते तिसरी पाळी.
बुटीबोरीची बस वर्धा रोडनं शहरात शिरते तेव्हा
काचेला टेकलेली सगळी डोकी
एकाच खड्ड्यावर एकदम उठतात,
परत टेकतात.
आज मी टेकवलं नाही.
अजनीला उतरले,
केसांत कापूस तसाच,
पर्समध्ये चिठ्ठी: मंगळवार, सकाळी दहा.

चिठ्ठी फेब्रुवारीतली आहे.
मंगळवारी दहाला मी झोपलेली असते
खिडकीला सतरंजी बांधून,
आणि सासूबाई आल्यागेल्याला दारातच सांगतात,
"हळू बोला, तिची रात्र चालू आहे."
एकदा चिठ्ठी धुण्यात गेली, वाळवून ठेवली.
सुपरवायझर निखारेला सांगितलं, आधारचं काम आहे.
तो म्हणाला, "काहून बाप्पा, किती वेळा काढता आधार?"

ओपीडीच्या बाकावर माझ्याआधी चोवीस जणी.
शेजारची टोलनाक्यावरून थेट आलेली,
निळा शर्ट अजून अंगात.
म्हणाली, "झोपा ताई, नंबर आला की उठवते."
मग तीच झोपली
माझ्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून.
मी तिचा नंबर पाठ केला. एकोणतीस.

आत नर्स खाली मान घालून विचारते,
"शेवटची पाळी?"
मी सांगते, "सातला सुटली."
तिचं पेन थांबतं.
मग आम्ही दोघी अशा हसतो
की पडद्यापलीकडून कुणी विचारतं, काय झालं गं?
तिचीही रात्रच होती काल. डोळ्यांखाली तेच.
"आणि सिस्टर, तुमची तपासणी कधी झाली?"
ती पुढचा रकाना भरते.

बोटं गार तिची.
घड्याळासारखी फिरवते,
बारा, एक, दोन.
तीनवर थांबते.

अकरा वर्षं मी रात्री तीनला
चात्यांमधून फिरते,
पेंगत, बोटांनीच
धाग्यातली गाठ ओळखत.
तिची बोटं का थांबली
हे मला तिच्याआधी कळलं.

चार. पाच. पुन्हा तीन.
"एक फोटो काढून घेऊ. असंच असतं पुष्कळदा,
घाबरू नका. गुरुवारी या."
"किती वाजता?"
"दहा."

बाहेर येते ब्लाऊजचा हुक चुकीचा लावून,
गुरुवारची रात्र कोण बदलून देईल
याची नावं मोजत.
कुंदा नाही, तिचा मुलगा तापलाय. वनमालाला विचारावं,
पण तिला काय सांगू? आधार?

आतून पुकारा होतो, एकोणतीस.
निळा शर्ट पिशवीवर कलंडलेला.
पुन्हा पुकारा.
मी तिचा खांदा हलवते,
"उठा माय,
तुमची पाळी आली."