कुटुंबप्रमुखाशी नातं

मी दोन जनगणना केल्यात.
पहिली बाणकोटात, मोहल्ला आणि खालची आळी,
दुसरी वेळासला, डांबर संपतं तिथून पुढची घरं.
म्हणून बाल्टिमोरच्या त्या गणकावर मी रागावत नाही.
जिने चढून त्याच्याही पिंढऱ्या भरल्या असतील,
आणि दारातला माणूस म्हणाला असेल, होडेकर.
त्याने लिहिलं हॉजर.
मीसुद्धा एका म्हाताऱ्याचं वय
त्याच्या परसातल्या फणसाला विचारून लावलंय.

पान १९१०चं.
हॉजर, हसन. वय एकतीस. बोटीवर कोळसा ओढतो.
जन्म बॉम्बे.
बाणकोटच सांगितलं असणार, पण रकाना अरुंद होता.
मातृभाषा: हिंदू.
इथे मी मोठ्याने हसले,
जुम्म्याहून परतलेल्या भावाला वाचून दाखवलं.
तो हसला नाही. म्हणाला, पुढे वाच.
कुटुंबप्रमुखाशी नातं: भाडेकरू.
प्रमुख होनोरा, विधवा, जन्म आयर्लंड.
लोकांचं धुणं धुते.
वाचता येतं, लिहिता येत नाही.

पान १९२०चं. गल्ली तीच, घर तेच,
शाई तेवढी निळ्यावरून काळ्यावर आलेली.
हसन: प्रमुख.
होनोरा: पत्नी.
विनिफ्रेड: मुलगी, वय सात.

दोन पानांमध्ये दहा वर्षं
आणि त्या दहा वर्षांत कुठेतरी आमची हलिमा.

तिचं पान नाही.
आहे ते असं: तो गेला तेव्हा तिला चौथा महिना.
तीन वर्षं मनिऑर्डर आली, मग थांबली.
दाभोळचा एक खलाशी सांगून गेला, बोट बुडाली.
दुसरा म्हणाला, बुडाली ती दुसरी.
सात वर्षं वाट पाहून जमातीने ठरवलं,
आणि हलिमा इद्दतीला बसली.
चार महिने दहा दिवस.
पांढरा कपडा, बंद खिडकी,
खिडकीपलीकडे सावित्रीचं मुख
आणि आत ओढलेल्या होड्यांवर झापांचं छप्पर.
माझ्या आजोबांना तेव्हा दहावं लागलेलं.
आई आजारी नाही तर बाहेर का येत नाही,
हे त्यांनी सांगत्या वयातही नीट सांगितलं नाही.

ते साल १९१२.
विनिफ्रेडच्या बाप्तिस्म्याचा दाखला भाच्याने फोनवर पाठवला.
तारीख मी मोठी करून पाहिली, पुन्हा पाहिली.
हलिमाचे चाळीस दिवस उरले होते.

हसन वारला १९३१ला, नोव्हेंबरात.
म्हणजे एकोणीस वर्षं
ती जिवंत माणसाची विधवा होती,
आणि खरी झाली त्या दिवशी
बहुधा जाळ्याची गाठ मारत बसली असेल, किंवा कोलंब्या सोलत.
कुणी कळवणार होतं?

आता पत्र आलंय मोरीनचं.
विनिफ्रेडची नात. सत्तरीची, शाळेतून निवृत्त, माझ्यासारखीच.
ती पणजी शोधतेय:
होनोरा आयर्लंडातल्या कुठल्या गावची,
कुठल्या बोटीने आली, मागे कुणाला ठेवून आली.
आणि विचारते,
हॉजर हे आडनाव आयर्लंडात कुठल्या भागात सापडतं?
सोबत एका कार्डाचा फोटो,
पणजीची पाककृती, विनिफ्रेडच्या अक्षरात.
तांदूळ भिजवून वाटायचे, नारळाचं दूध, साखर, यीस्ट.
वाट्यांत घालून वाफवायचं.
ईस्टरला करतो, लिहिते, चार पिढ्या.
नाव सँडन.
जुना आयरिश शब्द असावा.

मी उठून दार लावलं.
का लावलं, ठाऊक नाही, घरात कुणीच नव्हतं.

सांदण त्याला करता येत होतं,
म्हणजे तो कधीतरी हलिमाच्या चुलीपाशी बसला होता,
नुसता खायला नव्हे, बघत.
हे आमच्या घरात कुणी सांगितलं नव्हतं.
कुणाला ठाऊकच नसेल.

आठवडा झाला, उत्तर अर्धंच आहे.
आडनावाचं लिहिलं: होडी, मग होडेकर.
बाणकोट नकाशावर गोल करून दाखवलं.
हलिमाचं नाव दोनदा लिहून खोडलंय.
खाली एवढंच राहिलंय:
यीस्ट नको. ताजी माडी घाल, सकाळची,
आणि पीठ रात्रभर झाकून ठेव.
तिकडे माडी मिळते का, मला माहीत नाही.