रकाना क्रमांक सात

भरती धरूनच निघावं लागतं.
ओहोटीला हांदिलात नुसता चिखल उरतो
आणि मोटरच्या पंख्याला गवत वेटाळतं.
"हांदिल : पणज्यांनी हातांनी खणलेला कालवा,"
हे फॉर्मवर लिहिलं, मराबाहानच्या साहेबांसाठी.
मला सांगावं लागत नाही. मी इथलीच.

घरं एकेचाळीस. राहती सव्वीस.
उरलेल्या पंधरांचे उलिनचे खांब पाण्यात ताठ उभे,
शंभर वर्षं न कुजणारं लाकूड,
वर कौल नाही, भिंत नाही,
एका खांबाला कुणाचं तरी दप्तर अडकवलेलं.

पीक : एक.
जुम्बेरीकाका म्हणाले, "नीट लिही. ही जमीन रुसकी आहे.
पाणी जास्त काढलं की आंबते, ठेवलं की बुडवते."
मी बोट बुडवून चाखलं. गंजलेल्या खिळ्याची चव.
लहानपणी याच पाण्यात दात घासायचो आम्ही.

मग रोपांचं सांगत बसले, मला ठाऊक असलेलंच :
आधी कोरड्या बांधावर, मुठीएवढ्या जागेत,
चाळीस दिवसांनी उपटायचं,
ओल्या काठावर लावायचं, पुन्हा उपटायचं,
अर्ध्या वावरात पसरायचं, पुन्हा उपटायचं,
तेव्हा कुठे शेत.
मागच्या साली एक तरुण अधिकारी आला होता,
नव्वद दिवसांचं बियाणं घेऊन, चकचकीत पिशवीत.
"इतकं कशाला उपटता, आजोबा?"
काका म्हणाले, "तुमचं रोप बुटकं, आमचं पाणी उंच."
पिशवी अजून आहे. त्यात ते मासे पकडायचे गळ ठेवतात.

स्थलांतर : हो.
(जागा कमी. मागच्या पानावर लिहिलं.)
सारकावी, काकांचा थोरला, कोळशाच्या ट्रकवर.
हामसियाची मुलगी बांजारमासिनला, मोबाइलच्या दुकानात.
नोरमान पाम तेलाच्या कंपनीत, कुंपणाच्या आत,
जिथे त्याच्याच बापाची संत्र्यांची वरंबी होती.
आणि मी.
मलाही तीनदाच उपटलं, काका.
ते हसले नाहीत. तंबाखू चोळत राहिले.

शाळा : पट सात.
मास्तर भरतीच्या वेळापत्रकाने येतात.
रेंज : लांगारच्या पाण्याच्या टाकीवर चढलं तर.

आणि सातवा रकाना,
दोन बोटं रुंद :
गावाचं भवितव्य (एका वाक्यात).

काकांनी फॉर्म आचिल आर्तानियाकडे ढकलला.
ती पुरूनची चटई विणत होती,
पायाच्या अंगठ्याने ताण धरून, नजर वर न करता.
म्हणाली, "भवितव्य? माझा नंबर लागलाय की."
चटया विकून विकून तिने मक्केच्या यात्रेचे पैसे भरलेत.
यादी लांब आहे.
तिची पाळी छत्तीस वर्षांनी.
आज ती एकसष्टची.
"तेव्हा सत्त्याण्णव," तिने हिशेब केला,
"गुडघे तेवढे जपायला हवेत."
मग हात थांबले तिचे.
"पोरी, तेव्हा होडी इथूनच सुटेल ना?
का मला दुसऱ्या कुणाच्या धक्क्यावर जावं लागेल?"

मी कालव्याकडे पाहिलं.
पाणी उतरलं होतं. माझी होडी एका कुशीवर कलंडलेली,
शेजारी एक पापुयू मासा चिखलातून
कल्ल्यांवर रेटत पुढल्या डबक्याकडे निघालेला.

राहिले मग. रात्री त्याच जातीचे मासे तळले,
आंबट मिरचीशी खाल्ले, भात जुन्या बियाण्याचा,
दाणा लहान, सुटा.
दूर बारितोवरून कोळशाचे बार्ज गेले,
एकामागून एक, त्यांचे दिवे
जवळपास तासभर संपतच नव्हते.

पहाटे भरती आली तेव्हा
गुडघ्यावर फॉर्म ठेवून सातव्यात लिहिलं, पेन्सिलीनं,
अक्षर बारीक करून, तरी चौकटीबाहेर गेलं :
प्रवासी एक. छत्तीस वर्षांनी.
धक्क्याच्या तीन फळ्या सुटल्यात, बदलून द्याव्यात.