कंट्रोल

काचेच्या एका टोकाला रोज तिला बसवते.
ब्लॉक नंबर अठराशे बेचाळीस, साल दोन हजार नऊ.
नाव रजिस्टरात होतं. ते रजिस्टर
पुराच्या साली तळमजल्यावर भिजलं,
पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला.
मेण तेवढं टिकलं. मेणाला पाणी लागत नाही.

दुसऱ्या टोकाला आज हौसाबाई सातपुते,
वय त्रेपन्न, जवाहरनगर.
चार मायक्रॉनची चकती,
कोमट पाण्यावर पसरते तेव्हा
सायीहून पातळ.
श्वास रोखून उचलावी लागते.

मग कुकर.
साधाच, लक्ष्मीपुरीतून आणलेला,
डाळीच्या जागी बफर.
फॉर्मॅलिननं घट्ट मिटलेली प्रथिनं
वाफेत हळूहळू तोंड उघडतात.

नव्या मुलीला, आफरीनला, सांगते:
जनुक प्रत्येक पेशीत तेच,
टाचेच्या कातड्यात तेच, डोळ्यातही तेच.
बोलतं मात्र कुठे कुठे.
कुठे पुटपुटतं, कुठे जन्मभर गप्प,
आणि एखाद्या गाठीत असं ओरडतं
की शेजारपाजाराला झोप नाही.
आपण फक्त आवाजाला रंग लावायचा.
ती वहीत लिहून घेते: आवाजाला रंग.
परीक्षेत हे लिहू नकोस, म्हणते मी.

अँटिबॉडीचा एक तास.
दमट डब्यात काचा आडव्या निजलेल्या.
खिडकीतून मार्केट यार्डाचा वास, नवा गूळ, पोती, डिझेल.

माझे वडील गुळव्या.
वडणग्याच्या गुऱ्हाळात काहिलीवर वाकलेले,
फेसाकडे बघत.
पाकाचा थेंब पाण्यात सोडायचे,
बोटांत गोळी वळायचे,
आणि एका क्षणी म्हणायचे, उतरवा.
मिनिटभर उशीर, की अख्खं आधण काळं.
सौद्यात पिवळ्या रव्याला भाव, काळपट मागे पडायचा.
ते डोळे माझ्याकडे आले.
कोणत्या जनुकातून, ते मला विचारू नका.

रंगाचा थेंब सोडला की
मीही तशीच वाकून उभी.
आधी ती बोलते, अठराशे बेचाळीस.
एकेका पेशीभोवती तपकिरी कडं,
खुराड्याच्या जाळीसारखं, कुठे तुटलेलं नाही.
तिनं साक्ष दिली म्हणजे रसायन खरं,
कुकर खरा, माझे हात खरे.
ती गप्प राहिली तर
आजच्या सगळ्या बायका खोट्या,
पुन्हा पहिल्यापासून.

ती आहे की गेली, माहीत नाही.
असेलही कुठे, गडहिंग्लजला,
नातवाच्या मागे ताट घेऊन.
तिला कुणी सांगितलं नाही
की ती इथे रोज कामाला येते.

मग हौसाबाई.
फिकट कडा, मध्येच तुटलेल्या,
बोलायला लागून थांबल्यासारख्या.
मगदूम मॅडम बराच वेळ बघतात.
दोन प्लस. हो नव्हे, नाही नव्हे.
पुण्याला पाठवा. तिथे थेट जनुकंच मोजतील,
दहा दिवस.

जिन्यात मुलगा. बोटांवर वादीचे चरे,
पायात प्लास्टिकची चप्पल.
"ताई, रंग आला काय?"
"थोडा."
"आल्याला बरा, का न आल्याला?"

गुळाचं सांगता आलं असतं.
इथे गडद म्हणजे आजार दांडगा,
पण त्याला हुडकून गाठणारं औषध आहे.
नुसता कोरा म्हणजे ते औषध नाही.
आणि मधला म्हणजे
या पायरीवर बसून राहायचं.
मॅडम सांगतील, म्हटलं.
बसला तो.

संध्याकाळी ब्लॉक उजेडात धरला.
मेणात ती आता तांदळाएवढी उरलीय,
वीस काचा, फार तर पंचवीस.
मग नवा कंट्रोल शोधायचा,
कुणाचा तरी ठळक, तीन प्लस.

हौसाबाईंचा नको, असं मनात आलं.
लगेच दुसरं आलं, तोच असू दे,
औषध तरी लागू पडेल.
दोन्हीतलं कोणतं माझं, कळेना.
शिसपेन्सिलनं उद्याच्या काचांवर नंबर घातले.
शाई झायलीनमध्ये धुऊन जाते.