सात नंबरचा शिक्का

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये मी हजेरी लिहायचो,
शिवाय माल, शिवाय खाडे, शिवाय कुणाचं काय चुकलं.
हे शेवटचं लिहिताना माझं अक्षर जरा बरं यायचं.

त्या एप्रिलात तीनशे बारा टॉवेल परत आले.
निळ्या पट्टीनं पांढऱ्यात पाय पसरलेले.
शेठ काही बोलले नाहीत, नुसते गठ्ठ्यापुढे उभे राहिले,
आणि अर्ध्या तासात अख्ख्या शेडला माहीत झालं:
इराप्पा.
इराप्पा पितो.
पिणाऱ्याचा हात हलतो,
हलत्या हातानं सोडा कमी पडतो,
कमी सोड्यात रंग बसत नाही.
बघा, कसं घट्ट विणलं गेलं,
एक धागा सुटला नाही.
मी रजिस्टर उघडलं, शाईनं लिहिलं.
खरं सांगतो, बरं वाटलं.
उन्हातून आल्यावर माठातल्या पाण्याचा
पहिला घोट उतरतो, तसं.

नागमणी बोद्दुल चेकिंगच्या टेबलावरून उठून आली.
वीस वर्षं उजेडावर कापड ओढून
तिच्या अंगठ्याला घट्टा पडलेला.
तिनं माझी ओळ बोट ठेवून वाचली, सावकाश.
"चूसिनवा, विन्नवा?"
पूर्व भागात वाढलोय, तेवढं तेलुगू कळतं मला.
पाहिलंस, की ऐकलंस?
म्हटलं, सगळ्यांना माहितीय.
म्हणाली, ते मी विचारलं नाही.

मग चहावाल्याच्या किटलीतलं गरम पाणी,
गोदामात उरलेला इराप्पाच्या हौदातला एक टॉवेल,
आणि एक पांढरी चिंधी.
भिजवलं. घासलं. चिंधी पांढरीच.
मी म्हटलं, एका नगावरून काय ठरतं?
(प्रश्न चांगला होता. विचारला होता चिडून.)
ती म्हणाली, "बरोबर,"
आणि आणखी अकरा घासले.

परत आलेल्यातला एक घेऊन तिनं कडेचा धागा उसवला,
भिंगाखाली धरला. पीळ वेगळा.
हे सूत आपलं नाही, म्हणाली, पावत्या काढ.
काढल्या.
मार्चचा दुसरा आठवडा: हौद दुरुस्तीला,
इराप्पा मैंदर्गीला मेहुणीच्या लग्नात,
आणि निळे कोन बाहेरून आलेले, रंगवलेलेच.
पावतीवरची नोंद माझ्याच अक्षरात होती.

इथं थांबलं असतं तरी चाललं असतं.
पण ती टॉवेलची घडी घालताना थबकली.
कोपऱ्यात चेकिंगचा शिक्का होता. सात.
मी तिच्याकडे पाहिलं, तिनं शिक्क्याकडे.
आणखी कुणी पाहिलं नव्हतं.
तिच्या जागी मी असतो तर घडी पूर्ण केली असती,
कोपरा आत.

"सात नंबर माझा," ती म्हणाली.
माग चालू होते, कुणाला ऐकू गेलं नाही.
म्हणून तिला ते दुसऱ्यांदा, ओरडून सांगावं लागलं.
"लग्नसराईची घाई होती. ओली चिंधी लावून बघायची राहिली.
माझ्या नजरेखालून गेलंय."

तिचा दोन दिवसांचा पगार कापला.
माझा नाही. पावती विसरणं हा गुन्हा
त्या रजिस्टरात बसत नव्हता.
इराप्पा संध्याकाळी पिऊनच आला आणि आम्हा दोघांना
कानडीत मनसोक्त शिव्या दिल्या.
मी त्याच्या नावावर एक रेघ मारली, एकच,
खालचं वाचता येईल अशी.
खोडरबर मागितला असता तर ती हसली असती.

शेड आता नाही. माझी खोड आहे.
परवा जिन्यात कुणीतरी सांगितलं,
दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंचं काहीतरी.
एकात एक बसणारं, घट्ट.
मी मान डोलावली, चांगली दोनदा.
चार पायऱ्या उतरलो,
आणि बघतो तर माझा अंगठा
कठड्यावर घासतोय,
रंग सुटतो का ते बघत.