ब्लॅडर

साहेबानं राजीनामा दिल्याची बातमी आली
तेव्हा माझ्या हातात सोल्यूशनची ट्यूब होती
आणि बॉलचं ब्लॅडर घमेल्यातल्या पाण्याखाली.
बाकावर पोचन्ना, रज्जाक, कुळमेथे गुरुजी
आणि पहिल्या पाळीतून सुटलेला,
कानात अजून कोळसा असलेला
येरगुड्यांचा धनू.

"गेला ना? बरं झालं," पोचन्ना म्हणाला.
खर्र्याची पन्नी तळहातावर घोटत राहिला.
"मागं पाच उभे करून मॅच जिंकते का कोनी बे?
पाच! पोरीले पाहाले पाहुने आले
तरी एवढे जन दारात उभे नाई करत आपन."

रज्जाकच्या मते साहेब हुशार, पोरं कच्ची.
त्यानं बाकावर तुरीचे अकरा दाणे मांडले,
समोर अकरा सोयाबीनचे.
"हे पाह्य. हा सहा नंबर. हा इथं दबून रायला.
हा वरतं सरकला असता तं..."
तेवढ्यात शेळीनं डावा विंगर खाल्ला.

गुरुजींनी घसा साफ केला.
गुरुजी घसा साफ करतात म्हणजे
प्रकरण इतिहासात जाणार.
दोन वर्षं, सतरा सामने, चार विजय,
तेही कोणाविरुद्ध, हे त्यांनी बोटांवर मोजलं.
"अन् भाषा? एक वाक्य समजलं का त्याचं पोराइले?"
धनू पहिल्यांदाच बोलला:
"आमच्या शॉवेलवाल्याले तरी कोनाची भाषा येते, गुरुजी.
हात दाखवला का थांबते."

मग सत्तरावं मिनिट.
सगळी भांडणं शेवटी तिथंच येऊन उभी राहतात,
फाटकावर मालगाडी थांबावी तशी.
चांगला खेळणारा पोरगा काढलाच कशाला?
काढला नसता तर. काढला नसता तर.
चहा दोनदा निवला.

मडाव्यांची ज्योत्स्ना सायकलपाशी उभी होती,
तिच्या मागच्या चाकाचा नंबर ब्लॅडरनंतर.
जिल्ह्याच्या संघात ती गोलात असते,
आमच्या बाकावर तिला कोणी बोलावत नाही.
"त्याच्या पोटऱ्या पाह्यल्या का तुमी?" ती म्हणाली.
"मोजा खाली करून चोळत होता तीनदा.
मी असती तं साठीतच काढला असता."
पोचन्नानं रस्त्यावर पिंक टाकली.
त्याचं उत्तर तेवढंच.

मी ब्लॅडर फिरवत होतो.
बुडबुडा आला की बोट ठेवायचं, इतकंच काम.
पण हे जुनं, एका जागी दाबलं
की दुसरीकडून सुटतं.
मोबाइलवर रज्जाकनं फोटो दाखवला:
विमानतळ, साहेब, एक काळी बॅग,
बॅगेचं एक चाक वाकडं.
ते चाक मला फार वेळ दिसत राहिलं.
दहा मिनिटांचं काम होतं.

"उद्या मुकुटबनवाले येनार," धनू म्हणाला.
आणि बाक एकदम गावात परत आला.
दोघं पोरं चंद्रपूरला भरतीच्या रांगेत.
एकाचं साक्षगंध.
खुद्द धनूला डबल ड्युटी.
गुरुजींनी पुन्हा बोटं मोजली,
पुन्हा नऊच भरले.
ज्योत्स्नाला गोलात घेतलं तर दहा,
हे कोणी म्हणालं नाही.
ती ऐकू येईल अशी पंप मारत होती.

मी ठिगळ लावलं, वर वीट ठेवली.
"सकाळपर्यंत हवा भरू नोका," म्हटलं.
"अन् नाई धरलं तं?"
"तं मलेबी काढा."

हसले. मग हसणं संपलं.
खाणीकडून भोंगा झाला, कुत्री भुंकली,
मातीच्या ढिगामागं मैदान काळं पडत गेलं.
रज्जाकनं उरलेली तूर पुन्हा मांडली, नऊ दाणे,
आणि हाताच्या कडेनं शेळी लोटत विचारलं:
"मागं किती ठेवाचे?"

पोचन्नानं बराच वेळ पन्नी घोटली.
"पाच," तो म्हणाला.
मग ज्योत्स्नाकडे न पाहता,
"अन् गोलात थे."