दहाच्या बातम्या

दहा वाजता आता ती मुलगी येते.
दात छान. मागे आमचाच पूल, आमच्याच धक्क्यावरचं दीपगृह,
पण चित्र उन्हाळ्यातलं आहे
आणि बाहेर जानेवारी चाललाय.
ती बसलीय नऊशे मैल दूर.
एका खुर्चीतून, एका रात्रीत,
अकरा गावांना ‘आपलं गाव’ म्हणते.
काल आमच्या नदीला ब्यूचीन म्हणाली.
बोशन, बाई. बोशन.
इथल्या बोबड्या पोरांनाही येतं ते.

मी चॅनल सहाच्या कॅमेऱ्यामागे
सत्तावीस वर्षं उभी होते.
स्टुडिओ इतका गार की
दिव्यांखाली एकट्या आर्विनला घाम,
आमची बोटं हातमोज्यांत.
आर्विन टोलेफसन. देखणा नव्हता.
टाय सगळे सासऱ्याचे.
कागद गिरणीची चिमणी पाडली त्या संध्याकाळी
तो अकरा सेकंद काहीच बोलला नाही.
मी मोजले.
वरून फोन आला : आवाज गेला का?
गेला होता. पण तसा नाही.

खोटं कशाला बोलू,
आम्हीही काही हरिश्चंद्र नव्हतो.
गिरणी पाणी कुठे सोडते ते ठाऊक होतं,
आणि गिरणीच्या जाहिराती साडेनवापासून लागायच्या.
एकदा मी पाइपचं तोंड टिपून आणलं,
पिवळा फेस, पोट वर करून मासे.
‘आज जागा नाही,’ म्हणाले.
त्या रात्री भोपळ्याला चार मिनिटं मिळाली,
सहाशे पौंडांचा, मिसेस क्वालेच्या परसातला.
जुन्या दिवसांचे गोडवे गाताना
तो फेस माझ्या जिभेवर येतो.

पण भोपळा निदान इथला होता.

मग स्टेशन विकलं गेलं. मग पुन्हा विकलं गेलं.
दर वेळी केक कापला.
आधी खेळाचा माणूस गेला, मग हवामानाचा,
मग मार्गिट,
जी नगर परिषदेच्या बैठकीत शेवटच्या रांगेत
डब्यातलं सँडविच खात
रात्री अकरापर्यंत बसायची, रस्त्यांच्या निविदा ऐकत.
बैठका अजून होतात.
खुर्ची आहे.
टेपा मागच्या अंगणात भंगारात टाकल्या होत्या,
त्यातून मी चिमणी उचलून आणली.
ती लावायचं यंत्र आता कुणाकडेच नाही.

गेल्या मंगळवारी तिसऱ्या रस्त्याखालची
पाण्याची मोठी लाइन फुटली.
दहाला टीव्ही लावला.
फ्लोरिडात कुणाच्या पोहण्याच्या तलावात मगर.
एका कुत्र्याला स्केटबोर्ड चालवता येतो.
कुठेतरी कुणीतरी कुणावर गोळी झाडली,
गाव कळलं नाही,
लाल पट्टी मात्र जीव तोडून धावत होती.
शेवटी हवामान, दुपारी चारलाच भरून ठेवलेलं :
आकाश निरभ्र.
माझ्या खिडकीशी बर्फ गुडघाभर.

सकाळी नळाला चहाच्या रंगाचं पाणी.
लोक बादल्यांसाठी हार्डवेअरच्या दुकानात गेले.
तिथे आर्विन आता खिळे तोलतो.
बादल्या राहिल्या बाजूला,
त्यालाच विचारू लागले : उकळायचं का? किती दिवस?
मला काय माहीत, असं तो म्हणाला नाही.
तीन फोन केले. एकाने उचलला नाही, त्याला पुन्हा केला.
मग खोक्याचा पुठ्ठा फाडून
जाड मार्करने लिहिलं :
उकळा. तीन दिवस. शाळा बंद.
मिसेस क्वालेंकडे बाटल्या आहेत. बेल बिघडलीय, दार ठोका.
खाली तारीख, आणि सकाळचे आठ चाळीस.
सवय.

तो काचेवर पुठ्ठा धरून उभा,
तोंडात चिकटपट्टीचा तुकडा.
मी रस्त्यापलीकडे, बर्फात,
आणि माझा डावा डोळा आपोआप मिटला.
‘जरा डावीकडे,’ मी म्हणाले,
एवढ्या लांबून ऐकू जाणं शक्य नव्हतं.

तो डावीकडे सरकला.