शेऱ्याचा रकाना

हजेरीपटात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
जूनमध्ये मी तिथे लिहिलं :
प्रचिती पावसे, इयत्ता तिसरी, ऐकू येत नाही.
अक्षर छान आलं होतं.

मग फळ्याकडे तोंड करून
सव्वीस वर्षं शिकवते तशीच शिकवू लागले.
अख्खा जुलै ती माझी पाठ बघत बसली.
पाठीला ओठ नसतात
हे डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं,
आणि ते सांगावं लागतं, हीच काय ती लाज.

दर गुरुवारी दापोलीहून साळुंखे सर येतात,
फिरते विशेष शिक्षक.
बारा शाळा, एक सॅक,
एसटी चुकली तर थेट पुढचा गुरुवार.
त्यांनी तिचं कानातलं यंत्र उघडून दाखवलं,
बॅटरीच्या कप्प्यात हिरवट कळंक.
"खारा वारा," म्हणाले, "रात्री तांदळाच्या डब्यात ठेवा."
पावसेवहिनींनी ठेवलं.
एकदा ते भाताबरोबर शिजता शिजता वाचलं
आणि सगळी आळी हसली.
प्रचितीला कुणीतरी हातवारे करून सांगितलं,
मग तीही. सगळ्यांत उशिरा, सगळ्यांत जास्त वेळ.

सप्टेंबरात पालकभेटीला हर्णैच्या बंदरावर गेले.
लिलाव चाललेला, बैलगाड्या कमरेभर पाण्यात,
ओरडून ओरडून बायकांचे घसे बसलेले.
लांब होडीवर तिचे बाबा उभे.
त्यांनी हात वर केला, मनगट दोनदा फिरवलं.
काठावरून कुणी तीन बोटं दाखवली,
गाडी वळली, बर्फ आला.
एक शब्द झाला नव्हता.
मी विचारलं तेव्हा म्हणाले,
"इंजिन चालू झालं का आमी सगलेच बहिरे, बाई."

दुसऱ्या दिवशी पहिला तास उबेद होडेकरने घेतला.
त्याचा चुलता खलाशी, त्याला सगळ्या खुणा पाठ :
सोड, ओढ, थांब, जाळं भरलं, जाळं फाटलं.
'भरलं' आम्ही हातच्याला लावलं,
'फाटलं' वजाबाकीला.
प्रचितीने त्यात साळुंखे सरांची खूणभाषा मिसळली
आणि जिथे खूणच नव्हती तिथे स्वतःची घातली.
उबेदसाठी नाक ओढायचं. त्याला कायम सर्दी.
माझ्यासाठी हात मागे नेऊन पाठीवर थोपटायचं.
पाठ म्हणजे बाई.
ती बदल, असं मी तिला सांगितलं नाही.

कुणाच्या तरी आईने गेटाशी गाठून विचारलं,
"बाकीच्यांचं नुकसान नाही ना होत?"
तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.
आत तिचाच मुलगा
सातच्या पाढ्यात अडकलेल्या शेजाऱ्याला
बाकाखालून बोटं दाखवत होता.
ते कौतुकाचं की कॉपीचं
हेही मी अजून ठरवलेलं नाही.

सगळं काही जमलेलं नाही.
श्रुतलेखन, हा शब्दच तिच्यावर डोळे वटारतो.
मी समोर येऊन, उजेडात उभी राहून, सावकाश म्हणते,
पण पान, बाण, मान
ओठांवर तिन्ही एकच दिसतात.
तिच्या वहीत झाडाला मान फुटते,
अर्जुन धनुष्याला पान लावतो.
दहापैकी तीन.
लाल पेन हातात घेऊन मी ते झाड बराच वेळ बघते.

आणि सव्वीस वर्षांची सवय, ती कुठे जाते?
भागाकार रंगात आला की वळतेच मी फळ्याकडे, बोलत बोलत.
मग मागे फरशीवर पाय आपटल्याचा आवाज.
वळून बघते तर एकतीस मुलं
हात मागे नेऊन पाठीवर थोपटतायत.
सगळ्यांत जोरात ती.

मार्चमध्ये तोच रकाना पुन्हा पुढ्यात.
हजेरीपटात खाडाखोड चालत नाही.
म्हणून जूनच्या त्या ओळीखाली,
उरलेल्या बोटभर जागेत, बारीक अक्षरात लिहिलं :
बाईंची पाठ अजून वळते.
सुधारणा आहे.